रात्री दोनच्या रडण्याचं मूळ संध्याकाळी आठला असतं

रात्रभर सलग कुणीच झोपत नाही. मोठ्या माणसाचं झोपेचं चक्र साधारण ९० मिनिटांचं, तान्ह्याचं ५०च्या आसपास. चक्र संपताना झोप विरळ होते. आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी आठवतही नाही. बाळालाही तशीच जाग येते. पण ते मांडीवर झुलत झोपलेलं असतं आणि डोळे उघडतात तेव्हा मांडी गायब! भोकाड पसरणार नाही तर काय?

म्हणून जिथे जाग येणार, तिथेच झोप लागू द्यायची. बाळ पेंगुळलं की पूर्ण झोपायच्या आत खाली ठेवायचं. मात्र पहिले तीन-चार महिने हट्ट धरू नका. शरीरातलं दिवस-रात्रीचं घड्याळ तोवर बसलेलं नसतं आणि भूक दर २-३ तासांनी लागते. त्या काळात फरक दाखवला तरी पुष्कळ झालं: दिवसा उजेड नि गप्पा, रात्री मंद दिवा आणि जवळजवळ मुकेपणा. रात्री डायपर शी झाली असेल किंवा चिंब असेल तरच बदला, तेही पाजण्याआधी. पिऊन पेंगलेल्या बाळाचं बूड पुसलं की ते टक्क जागं होतं.

बहुतेकांचं चुकतं ते वेळेत. 'दमू दे, मग छान झोपेल' हे बाळांना लागू पडत नाही. अति दमलेलं बाळ जास्त किरकिरतं आणि लवकर उठतं. नवजात बाळ एका वेळी पाऊण-एक तास जागं राहू शकतं, चार महिन्यांचं दीड-दोन, सहा महिन्यांचं दोन-तीन. नजर शून्यात लागली, हालचाल मंदावली की निघा. डोळे चोळून रडू लागलं म्हणजे उशीर झाला.

झोपेआधीची २०-३० मिनिटं रोज एकाच क्रमाने जाऊ द्या: अंग पुसणं, कपडे, दूध, ढेकर, अंगाई. दूध शेवटी नको, नाहीतर पिणं आणि झोपणं यांची गाठ पक्की बसते.

खाली ठेवतानाही युक्ती आहे. आधी बूड टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं. डोकं आधी गेलं की पडल्यासारखं वाटून बाळ हात फेकतं आणि सगळी मेहनत वाया. ठेवल्यावर छातीवर तळहात मिनिटभर राहू द्या. कुरकुरलं तर थोपटा. रडं चढलं तर उचला, शांत करा, जागं असतानाच पुन्हा ठेवा. पहिल्या रात्री हे वीसदाही होईल. तीन-चार रात्रींनी थोपटणं कमी करा, मग नुसता हात, मग नुसतं शेजारी बसणं. (घरातल्या दोघांनी दोन पद्धती वापरल्या तर काहीच जमत नाही.)

रात्री आवाज आला की लगेच उचलू नका. तान्ह्यांची जवळपास निम्मी झोप चळवळी असते. ती झोपेतच कण्हतात, तोंड वेडंवाकडं करतात. मिनिटभर थांबा. कित्येकदा आपणच झोपमोड करतो.

एका बाबतीत तडजोड नाही: बाळ पाठीवरच, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी, सैल पांघरूण, खेळणी काही नको. अमेरिकेत १९९४ साली पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू पुढे जवळपास निम्म्यावर आले. कुशीवर वळायची चिन्हं दिसली की दुपट्यात गुंडाळणं बंद. सोफ्यावर बसून पाजताना आपलाच डोळा लागणं तर फार धोक्याचं. त्यापेक्षा उठून चकरा मारा.

चौथ्या महिन्याच्या सुमारास नीट झोपणारं बाळही अचानक दर दोन तासांनी उठू लागतं. झोपेची रचनाच तेव्हा बदलत असते. क्रम तोच ठेवा, नवीन झुलवणं सुरू करू नका. पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल, किंवा ते दूध तोंडात धरत नसेल, तर झोपेचा विचार बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे.