दहा हजार पट्ट्यांची वाट

"मावशी, केंब्रिजला आलीस की नदी नि कॉलेजं नंतर. आधी तुला एक सायकलवाट दाखवायचीय," असं भाचीनं फोनवरच सांगून ठेवलं होतं.

ॲडनब्रुक्स रुग्णालयाकडून ग्रेट शेलफर्ड गावाकडे जाणारी ही वाट. दोन्ही टोकांना डीएनएच्या दुहेरी पिळाची शिल्पं उभी आहेत. पण खरं शिल्प पायाखाली आहे. डांबरावर चार रंगांच्या आडव्या पट्ट्या, एकीमागून एक, थेट नजर पोचेल तिथवर. मोजून १०,२५७. बीआरसीए-२ या जनुकाचा प्रथिन घडवणारा मजकूर इथे अक्षर न् अक्षर उतरवलाय, डीएनएच्या चार अक्षरांना चार रंग: ए हिरवा, टी लाल, जी पिवळा, सी निळा. १९९५ साली हे जनुक सापडलं, त्यात जवळच्याच सँगर केंद्राचा, म्हणजे जनुकांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचा, मोठा वाटा होता. २००५ मध्ये त्या केंद्राचे पहिले संचालक सर जॉन सल्स्टन यांच्या हस्ते ही वाट खुली झाली.

तुटलेला डीएनए सांधायला मदत करणारं प्रथिन या जनुकातून तयार होतं. त्यात घातक बिघाड असला तर स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो.

माझी आई स्तनाच्या कर्करोगानं गेली. तेव्हा जनुकाची चाचणी असते हे आमच्या कानावरही आलं नव्हतं.

मी खाली बसले. एका लाल पट्टीवरून हात फिरवला. भाची शेजारी टेकली. म्हणाली, "तीन-तीन पट्ट्यांचा एकेक शब्द, मावशी. मधली एक गळाली की पुढचे सगळे शब्द चुकतात." अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या येणारा एक बिघाड नेमका असाच आहे, एकच टी गळालेला. आणि हे आईकडूनच येतं असंही नाही, बापाकडूनही तितकंच येतं. आपल्याकडे माहेरच्या आजारांची चौकशी होते ती फक्त बायकांची. मामा-काकांचं कुणी विचारत नाही, ते विचारायला हवं.

मागून सायकलची घंटा वाजली. आम्ही गवतात सरकलो. दप्तर पाठीला लावलेली दोन मुलं पट्ट्यांवरून भर्रकन गेली. शेजारच्या रुळांवरून लंडनची गाडी धडधडत गेली.

पुढे मी तीन-तीन मोजतच चालले. हिरवा, हिरवा, लाल. निळा, टी... भाची हसून रंगांची अक्षरं करून द्यायची.

शेलफर्डला पोचल्यावर ताईला फोन लावला. पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. आधी आनुवंशिक आजारांच्या समुपदेशकाला भेटायचं आणि मग दोघींनी बरोबरच चाचणी करायची, असं ठरलं. ताईनं वहीत लिहून घ्यायला पेन शोधला, तोवर मी फोन धरून उभी होते.