भजनी, हींच आणि लसावि

वर्गात ज्याला आम्ही सगळे गणितातला हुशार मुलगा म्हणूनच ओळखत होतो, त्या माझ्या बाकमित्राचा स्वतःचा बँड आहे, हे मला शाळा सुटून इतकी वर्षं झाल्यावर, नवरात्राच्या आधी बडोद्याला आलो तेव्हा कळलं. ‘संध्याकाळी दांडिया बाजारात ये, तालीम आहे,’ एवढंच तो फोनवर म्हणाला.

वाड्याच्या माडीवर सतरंजी अंथरलेली. व्हायोलिन घेऊन एक निवृत्त काका, गिटारवर कॉलेजात शिकणारी गुजराती मुलगी, हार्मोनियमवर वहिनी, आणि क्लॅरिनेटवर लग्नाच्या वरातींत वाजवणारे एक चाचा. मित्रासमोर ढोलकी, आणि शेजारी गोल पोटाची तांब्याची माण! बोटांत अंगठ्या घालून ती वाजवायची. जुना गुजराती कवी प्रेमानंद ज्या माणभट्टांच्या, म्हणजे माण वाजवत आख्यानं सांगणाऱ्यांच्या परंपरेतला, त्यांचं हे वाद्य; आपल्या बडोद्याचं. मी ते तोवर फक्त चित्रात पाहिलं होतं.

काकांनी भीमपलासातले स्वर लावले, वहिनींनी अभंग उचलला. ढोलकीवर भजनी ठेका, आठ मात्रांचा. दुसऱ्या कडव्यानंतर मित्राने ढोलकी वहिनींच्या मुलाकडे सरकवली आणि स्वतः माणीवर हींच धरली, सहा मात्रांची, गरब्याची. भजनी चालूच होती! दोन ठेके एकमेकांना धक्के देत चालले होते, क्लॅरिनेट मधून वाट काढत होतं, आणि आता हे कोसळणार असं वाटत असतानाच सगळे एकदम समेवर, ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, आले. माझ्या अंगावर काटा आला.

‘अरे, लसावि!’ तो म्हणाला. ‘आठ आणि सहाचा चोवीस. भजनीची तीन आवर्तनं, हींचची चार. बाईंनी सहावीत शिकवलं नव्हतं का?’

शिकवलं होतं. तेव्हा बाकावर बोटं वाजवत तो हेच करत असणार, आणि शेजारी बसून मला त्याचा पत्ता नव्हता.

त्यांच्याकडे आणखीही पुष्कळ आहे. पाळणा गिटारवर, लावणीच्या चालीवर बासरी नसताना शिट्टी. एखाद-दोन रचना मला भरकटलेल्या वाटल्या. जिथे माण येते तिथे मात्र त्यांचं वाजवणं अस्सल आहे. ही सरमिसळ बडोद्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये इथे गायनशाळा सुरू करणारे मौलाबक्ष दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीत शिकून आले होते. त्यांचा नातू इनायत खान १९१० मध्ये वीणा घेऊन पश्चिमेकडे निघाला. तीच गायनशाळा आज सूरसागर तलावासमोरचं म्युझिक कॉलेज आहे. आमच्या माडीवरच्या मंडळींपैकी तिथे शिकलेले फक्त काका. बाकीचे नोकरी-धंदा सांभाळून रात्री जमतात. बँडला अजून नावही नाही.

म्हणून इथल्या महोत्सवाच्या समितीला माझी मनापासून विनंती आहे. समारोपाच्या दिवशी पाहुण्यांच्या भाषणांतला अर्धा तास या मंडळींना द्यावा. माइक दोनच पुरतील, पण माणीसमोरचा खाली, जमिनीलगत हवा. आणि गणिताच्या बाईंना पहिल्या रांगेत बसवावं.