दोन दिवसांत गिरकी शिकलेला पिस्ता

मी पुण्यात घरोघरी जाऊन पाळीव पक्ष्यांना शिकवतो. हो, असं काम असतं. निम्मे फोन आपल्या हिरव्या पोपटासाठी येतात, त्यांना मी नाही म्हणतो, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळताच येत नाही, तरी लोक "अहो, लहानपणापासून आहे आमच्याकडे" म्हणून वाद घालतात. उरतात ते बजी, म्हणजे छोटे परदेशी पोपट, ज्यांना अर्धं पुणं लव्हबर्ड म्हणतं.

पिस्ता कोथरूडच्या एका काकूंचा. नाकावरची पट्टी निळी, म्हणजे नर. पहिल्या शनिवारी वजन केलं, ३४ ग्रॅम, छान. मग गिरकी दाखवली. काडीच्या टोकाला चोच लागली की पेनचं बटण टिक आणि लगेच राळ्याचा एक दाणा. काडी जरा बाजूला सरकवायची, पाव वळला की टिक, मग अर्धा, मग पूर्ण. घाई केली की पक्षी काडीच चावत बसतो, आणि पाच मिनिटांवर ताणायचं नाही. माझ्याकडे बहुतेकांना आठवडा-दहा दिवस लागतात. सोमवारी काकूंचा व्हिडिओ आला, पिस्ता पूर्ण गिरकी मारतोय! मी तो दहा जणांना पाठवला, आता का खोटं बोलू.

पुढचे दोन शनिवार पण तसंच, घंटी वाजवणं एका बैठकीत, हातावर येणं तर न बोलावता. वजनकाटा पिशवीतच राहिला. इतकं मस्त चाललेलं असताना कोण काढतो?

चौथ्या शनिवारी तो दांडीवर फुगून बसला होता, पण काडी दिसताच धावत आला, आणि ते धावणं मला खटकलं. खाली बघितलं तर विष्ठा बारीक, गडद हिरवी. वजन २८. साठ किलोच्या माणसाचं दहा किलो उतरावं तसं. छातीचं हाड बोटाला सुरीसारखं लागत होतं.

"खायला घालता ना काकू?"

"अरे बघ की, वाटी भरलेलीच असते, हाच खात नाही!"

मी वाटीवर फुंकर मारली. भुर्रकन फोलपटं उडाली, टेबलावर, काकूंच्या चहात, आणि तळाला चार दाणे. बजी दाणा सोलून खातो आणि साल तिथेच टाकतो, म्हणून रिकामी वाटी वरून भरलेली दिसते. आधी मुलगा रोज वाटी झटकून भरायचा, तो नोकरीला बंगळुरूला गेला. काकू खाली बसल्या आणि म्हणाल्या, "जन्मभर सुपात धान्य पाखडलं रे मी, आणि हे मला कळू नये?" मला त्यांना काही बोलवेना. शिकवायच्या आधी तासभर वाटी काढून ठेवा हे मीच सांगितलं होतं, फुंकर मारून बघा हे सांगितलं नव्हतं.

त्याच दुपारी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेलं, वाचला. आता ३३ ग्रॅम आहे. गिरकी मात्र बंद, काडी बघतो आणि पाठ फिरवून पंख साफ करतो. काकू परवा हळूच म्हणाल्या, "फी मात्र पूर्ण घेतलीस हं." घेतली खरी.

सोमवारचा तो व्हिडिओ फोनमध्ये आहे अजून. नवीन कोणी काम दाखवा म्हटलं की दाखवण्यासारखा तोच सगळ्यात भारी, आणि काल एकांना दाखवलाही.