हात वर, मारिओ वर

रविवारी दुपारी जेवून सतरंजीवर आडवा झालो होतो. भाचा टीव्हीला निन्टेंडो कंपनीचं 'स्विच' हे गेमचं यंत्र लावून 'सुपर मारिओ ओडिसी' खेळत होता. त्यानं नुसता हात झटकला आणि मारिओच्या डोक्यावरची टोपी भिरभिरत गेली. माझी झोप उडाली.

ती टोपी म्हणजे मुळात झाकपाक. १९८१ साली 'डाँकी काँग' या गेममध्ये हा गडी पहिल्यांदा आला तेव्हा त्याला पडद्यावरच्या मूठभर ठिपक्यांत बसवायचं होतं. केस काही नीट काढता येईनात, म्हणून त्याचे जनक शिगेरू मियामोतोंनी टोपी चढवली. तोंड काढायची पंचाईत, म्हणून मिशी. छत्तीस वर्षांनी, या 'ओडिसी'त, त्याच टोपीला डोळे फुटले आणि निम्मा खेळ तिच्यावर चालायला लागला.

पण माझी झोप उडाली ती टोपीमुळे नाही, झटक्यामुळे.

सांगलीला आत्याकडे मे महिन्यात आम्ही कॅसेटवाला गेम खेळायचो. कॅसेटवर '९९९९९९ इन १' असं बिनदिक्कत छापलेलं, आत गेम दहा-बाराच. फुंकर मारून ती खोचली की मारिओ सुरू. आत्याची पाळी आली की आम्ही धास्तावायचो. खड्डा दिसला की ती रिमोटसकट दोन्ही हात डोक्यावर न्यायची आणि तोंडानं "हुप्प!" वायर जेमतेम. टेबलावरचं यंत्र फरफटत यायचं, अॅडॅप्टरची पिन निघायची, टीव्हीवर मुंग्या. चौथ्या किल्ल्यापर्यंत नेलेला मारिओ परत पहिल्या ढगाखाली. (ते ढग आणि खालची झुडपं एकच चित्र, रंग तेवढा वेगळा. अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये कोंबलेला. आम्हाला कुठला पत्ता!)

"आत्या, अंगठ्यानं उडी मार ना, हातानं काय!"

"अरे, तो एवढा उडतोय आणि मी काय ढिम्म बसून राहू?"

पुढे १९९६ साली 'निन्टेंडो ६४' हे यंत्र आलं. त्याच्या रिमोटवरची काडी हळू ढकलली तर मारिओ दबकत चालायचा, जोरात ढकलली तर पळायचा म्हणे. माझी तेव्हा दहावी होती, विषय संपला. मग २००६ साली निन्टेंडोचंच 'वी' हे यंत्र आलं, त्याच्या रिमोटला हाताची हालचाल कळायची. वर्षभरात 'सुपर मारिओ गॅलक्सी'त रिमोट झटकला की मारिओ गिरकी घ्यायला लागला. वायरही नाही! आम्ही आत्यावर ज्यासाठी खेकसायचो, तेच निन्टेंडोनं पैसे घेऊन विकलं.

भाच्याला म्हटलं, "परत झटक बघू."

"मामा, बटण दाबलं तरी टोपी उडते." त्याला झटकायचा कंटाळा.

दिवाळीत आत्या येणार आहे, तेव्हा तिच्या हातात देऊ. फक्त खांदा आखडल्यापासून तिचा उजवा हात वर जात नाही. डाव्या हातानं झटकलं तर चालतं का, हे कार्ट्याला विचारायचं राहिलंच.