टोकियोत घेतलेली सुकेसादा: पारख, नोंदणी आणि परीक्षण

जुन्या जपानी तलवारींच्या संग्रहाकडे वळणाऱ्या बहुतेकांना आधी मोठे नाव हवे असते, आणि बाजार ते आनंदाने पुरवतो. वास्तविक मासामुने या सर्वांत नावाजलेल्या तलवार-कारागिराने स्वतः फार थोड्या पात्यांवर सही केली आणि सतराव्या शतकातील एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, कोतेत्सु या कारागिराची सही तर सर्वाधिक नकल झालेल्या सह्यांपैकी एक आहे. नोकरीनिमित्त टोकियोत राहत असताना मी जी कताना, म्हणजे लांब जपानी तलवार, घेतली, तिच्यावर 'बिशू ओसाफुने सुकेसादा' अशी सही होती ('बिशू' हे बिझेन प्रांताचे आखूड नाव) आणि मागच्या बाजूला एइशो काळातील (1504 ते 1521) आठव्या महिन्याची तारीख होती. सोबत कोणतेही पारखपत्र नव्हते, त्यामुळे किंमत माझ्या आवाक्यात होती.

सुकेसादा हे एका माणसाचे नाव नव्हे. बिझेन प्रांतातील, म्हणजे आजच्या ओकायामा प्रांतातील ओसाफुने गावी, मुरोमाची काळाच्या उत्तरार्धात या नावाने काम करणारे अनेक कारागीर होते. सततच्या युद्धांमुळे मागणी इतकी वाढली होती की ठोक मालासारख्या तलवारी तेथून बाहेर पडत; मात्र एखाद्या सरदाराने खास सांगून करवून घेतलेल्या पात्यावर 'बिझेन' हा प्रांत पूर्ण लिहून कारागीर आपले व्यक्तिनामही कोरत असे, जसे योसोझाएमोन नो जो सुकेसादा. माझ्या पात्यावर आखूड सही होती, म्हणजे ते बहुधा पहिल्या प्रकारातले. तरीही मी ते घेतले, कारण त्या काळच्या चांगल्या ठोक मालातही पोलाद प्रामाणिक असते, आणि नवशिक्याने संशयास्पद कोतेत्सुपेक्षा साधी पण खरी सुकेसादा घ्यावी असे माझे ठाम मत आहे.

हे मत मला एका अभ्यासमंडळात बसून मिळाले. तेथे पात्याचा मुठीत बसणारा भाग, ज्याला नाकागो म्हणतात आणि ज्यावर सही असते, कापडात गुंडाळून झाकलेला असतो. समोर आलेल्या पात्याला आधी वाकून नमस्कार करायचा, धार स्वतःकडे ठेवून ते उचलायचे, त्यावर बोलायचे नाही, कारण श्वासातल्या ओलाव्यानेही डाग पडतो. आणि मग चिठ्ठीवर कारागिराचे नाव लिहून द्यायचे. आधी एकूण घाट पाहायचा, मग पोलादाचा पोत, मग हामोन, म्हणजे मातीचा लेप देऊन तापवलेल्या पात्याला पाणी दिल्यावर धारेलगत उमटणारी नक्षी. कारागीर चुकला तरी प्रांत बरोबर आला तर तेवढे श्रेय मिळते. सही पाहण्याची परवानगी सर्वांत शेवटी मिळत असल्यामुळे नावाने भारावून जाण्याची सवय तेथे आपोआप सुटते.

माझ्या पात्याची लांबी 63 सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे 2 शाकूंपेक्षा किंचित अधिक आहे. एक शाकू 30.3 सेंटिमीटरांचा, आणि 2 शाकू ओलांडल्याशिवाय पाते कताना ठरत नाही. एइशो काळात एका हाताने चालवायच्या आखूड तलवारींची चलती होती. त्यांचा नाकागो लहान असतो आणि वाक टोकाकडे सरकलेला असतो, आणि माझ्या पात्यात ही दोन्ही लक्षणे स्पष्ट होती. हामोनमध्ये तळाशी रुंद उघडणाऱ्या लाटा होत्या आणि काही ठिकाणी त्यांची टोके खेकड्याच्या नांगीसारखी दुभंगलेली होती, जे या काळातील बिझेनचे ओळखीचे लक्षण आहे. पाते दिव्याखाली तिरके धरून हळूहळू फिरवले तरच हे सारे दिसते. सपाट प्रकाशात केवळ चकाकी दिसते. शेवटी मी सही पाहिली. काळपट गंज अक्षरांच्या खाचांमध्येही तितकाच जुना दिसत होता, खाचांच्या कडा ताज्या नव्हत्या, आणि प्रकाशित ओशिगाता, म्हणजे पातळ कागदावर शाईच्या कांडीने घासून घेतलेले ठसे, यांच्याशी अक्षरांचे वळण जुळत होते. नाकागोवरचा गंज कधीही घासून काढू नये. वयाचा तो सर्वांत बोलका पुरावा आहे.

खरेदीनंतर कायद्याचा भाग आला. जपानमध्ये अशी तलवार बाळगण्यासाठी व्यक्तीला परवाना लागत नाही. नोंदणी तलवारीची होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचा ताबा घेणाऱ्या सैन्याने सरसकट तलवारी जमा करायला सुरुवात केली, तेव्हा होन्मा जुंजी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकी कर्नल कॅडवेल यांना कलावस्तू आणि हत्यार यांतला फरक पटवून दिला, आणि पुढे 1951 पासून नोंदणीपत्रे, म्हणजे तोरोकुशो, दिली जाऊ लागली. मालक बदलल्यावर 20 दिवसांच्या आत, ज्या प्रांताने ते पत्र दिले त्याच प्रांताच्या शिक्षण मंडळाला कळवावे लागते. मी अर्ज पाठवला आणि अडकले. जुन्या नोंदीत फक्त पुढची सही होती. मागच्या बाजूच्या तारखेचा उल्लेखच नव्हता. बहुधा गंजामुळे ती कोणाच्या लक्षात आली नसावी. दूरध्वनीवर मला दरवेळी वेगळे उत्तर मिळाले आणि अखेर तलवार प्रत्यक्ष दाखवायला बोलावण्यात आले. पाते म्यानासह पिशवीत बांधून, नोंदणीपत्र सोबत ठेवून नेले. तपासणीला मात्र काही मिनिटेच लागली. लांबी, वाक आणि मेकुगीची, म्हणजे मुठीतल्या खिळीची, छिद्रे मोजून नोंद दुरुस्त करण्यात आली.

नोंद जुळल्याशिवाय परीक्षणाला जाण्यात अर्थ नव्हता. 1948 मध्ये स्थापन झालेली निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई, म्हणजे जपानी कला-तलवारींचे जतन करणारी संस्था, ते करते. तिचे तलवार संग्रहालय 2018 पासून र्योगोकू भागात, जुन्या यासुदा बागेला लागून आहे. तिच्या पारखपत्रांच्या चढत्या पायऱ्या होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो आणि तोकुबेत्सु जूयो अशा आहेत. परीक्षकांना सही बनावट वाटली तर पत्र मिळत नाही, आणि निर्णय झाला नाही तर पाते राखून ठेवल्याचे कळवतात. बनावट ठरलेली सही काढून टाकून तेच पाते पुन्हा निनावी म्हणून सादर करणारेही असतात. मला तो मार्ग रुचत नाही, पण पोलाद चांगले असेल तर त्यामागचा तर्क समजतो.

माझ्या पात्याला होझोन मिळाले. सही मान्य झाली, तारीख मान्य झाली, इतकेच. त्या कागदावर कारणे लिहिलेली नसतात आणि किंमतही नसते. पाते थकलेले, म्हणजे घासून घासून झिजलेले, आहे की निरोगी, हेही तो सांगत नाही. म्हणून पत्र हातात घेऊन खरेदीला निघणाऱ्यांना मी नेहमी पाते दिव्याखाली धरायला सांगते. 1982 पूर्वीच्या जुन्या पद्धतीच्या पत्रांबाबत तर दुप्पट सावध राहावे.

घरी पुण्याला ही बातमी कळवली तेव्हा पहिला प्रश्न आला, ती कोणाची होती? आपल्याकडे तलवारीची थोरवी ती कोणाच्या हातात होती यावर ठरते, तर तेथे ती कोणी आणि कशी घडवली यावर. दुसरा प्रश्न आईचा होता, खंडेनवमीला तिची पूजा करणार का? पूजा म्यानाची केली. हळदकुंकवाचे बोट पात्याला लागू दिले नाही, कारण घामाच्या बोटानेही त्यावर गंज धरतो. तलवार भारतात आणण्याचा विचार मात्र सोडला. तिला जपानबाहेर नेताना नोंदणीपत्र परत करून सांस्कृतिक विभागाचे निर्यात प्रमाणपत्र घ्यावे लागते, ते कठीण नाही. परंतु आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत 9 इंचांहून लांब धारदार पाते शस्त्रांच्या यादीत मोडते आणि आयातीची परवानगी हा वेगळाच खटाटोप आहे.

सध्या पाते शिरासायात, म्हणजे रंगरोगण नसलेल्या साध्या लाकडी म्यानात आहे आणि त्याला अधूनमधून तेलाचा पातळ हात फिरवते. तोकुबेत्सु होझोनसाठी पुन्हा सादर करण्याआधी नव्याने घासकाम करून घ्यावे का, हे एका घासकाम करणाऱ्या कारागिराला विचारले. प्रत्येक घासकामात पोलाद झिजते आणि गेलेले पोलाद परत येत नाही, म्हणून त्यांनी जुनी झिलई अजून दहा-वीस वर्षे पुरेल असे सांगून काम घ्यायला नकार दिला. मी ते मान्य केले आणि अर्ज भरला नाही.