नाओशिमाच्या जळक्या भिंती

होनमुरा गावातल्या काळ्या भिंतींना हात लावू नका. मी लावला, आणि बोटांना कोळसा लागला.

नाओशिमा हे जपानच्या सेतो समुद्रातलं छोटं बेट. उनो बंदरातून बोटीने वीसेक मिनिटं. उतरल्या उतरल्या बहुतेक लोक कलाकार यायोई कुसामांच्या पिवळ्या भोपळ्याच्या शिल्पाकडे धावतात. २०२१च्या वादळात तो समुद्राने ओढून नेला होता, २०२२ मध्ये पुन्हा बसवला. फोटो काढा नि निघा. खरा वेळ होनमुराला द्या. आणि सोमवार टाळा, कलाकारांनी कलाकृती बनवलेली तिथली घरं त्या दिवशी बहुधा बंद असतात.

वाई-मेणवलीचे वाडे बघितलेल्या माणसाची नजर इथे आधी लाकडावर जाते. या भिंती याकिसुगीच्या, म्हणजे भाजलेल्या सुगी (जपानी देवदार) लाकडाच्या. जुनी रीत अशी: तीन लांब फळ्या त्रिकोणी नळीसारख्या बांधून उभ्या करायच्या नि बुडाशी जाळ लावायचा. नळी धुराड्यासारखी ओढ घेते, ज्वाळा थोड्या वेळात शेंड्याला पोचतात. आतली बाजू कोळशाने मढली की दोर सोडायचा, फळ्या उलगडायच्या, पाणी मारायचं. घाई केली तर थर पातळ बसतो आणि पावसात लवकर झडतो. उशीर केला तर आग फळीच खाऊन टाकते. मुळात पातळ फळी घेतली तर ती वाकते. थर नीट बसला की खारा वारा आणि कीड या दोन्हींपासून लाकूड वाचतं. आपल्याकडे वाळवीसाठी जळकं ऑईल फासतात, ते पुन्हा पुन्हा फासावं लागतं आणि वास हटत नाही. हा उपाय मला कितीतरी स्वच्छ वाटला.

१९९८ पासून गावातली रिकामी घरं एकेका कलाकाराकडे दिली गेली. पहिलं काडोया, दोनेकशे वर्षांचं. आत जमिनीत उथळ पाणी आणि पाण्यात विजेवर उजळणारे १२५ आकडे लुकलुकतात: प्रत्येक १ ते ९ मोजतो, शून्य नाही. कलाकार तात्सुओ मियाजिमा, पण कुठला आकडा किती वेगाने पळणार हे ५ ते ९५ वयाच्या १२५ गावकऱ्यांनी ठरवलं. गावाला विचारून, गावाच्या हाताने झालेलं हे काम मला संग्रहालयातल्या कुठल्याही चित्राहून मोठं वाटतं.

मग मिनामिदेरा. एका जुन्या देवळाच्या जागेवर १९९९ साली वास्तुरचनाकार ताडाओ आंडोंनी बांधलेली नवी इमारत. काँक्रीटसाठी नावाजलेल्या या माणसाने इथे शेजाऱ्यांसारख्याच जळक्या फळ्या वापरल्या, त्यामुळे शोधत असूनही मी समोरून पुढे गेलो. आत सोडतात मोजकेच लोक, म्हणून गावात शिरताच आधी इथली वेळ पक्की करा. आत मिट्ट काळोख असतो, म्हणून चमकणारं घड्याळ काढून ठेवा, मोबाईल बंद करा. एकाने पडदा उजळला तर सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून अंधाराला सरावावे लागतात.

इथे मात्र भिंतीला हात लावूनच चालायचं. आतल्या काळोखात स्वतःचा तळवाही दिसत नाही. बाकावर बसायचं आणि थांबायचं. पाचेक मिनिटं काहीच नाही. मग समोर करडा चौकोन उमटतो, इतका मंद की आधी भास वाटतो. उजेडालाच कलेचं साधन करणाऱ्या जेम्स टरेल या अमेरिकन कलाकाराचं हे काम, आणि त्यातला उजेड वाढवत कोणीच नाही. तो पहिल्या क्षणापासून तेवढाच असतो, डोळेच उशिरा पोचतात. मघाशी शेजारी कोणी बसलंय हे नुसतं श्वासावरून कळत होतं. आता त्या आजींची पाठ दिसत होती, चौकोनाकडे हळूहळू चाललेली, हात पुढे केलेला.