खूण नसलेल्या पेशी

गोव्यातील एका रुग्णालयाच्या न्यूक्लियर मेडिसिन, म्हणजे किरणोत्सारी द्रव्ये वापरून तपासण्या करणाऱ्या, विभागात मी डॉक्टर म्हणून काम करते. त्या दिवशी सत्तरी तालुक्यातून आलेले एक गृहस्थ आपल्या मुलाची फाईल घेऊन माझ्यासमोर बसले. मुलगा माडावरून पडला होता आणि मेरुरज्जूला इजा होऊन त्याचे दोन्ही पाय लुळे पडले होते. राज्याबाहेरच्या एका केंद्रात इजा भरून यावी म्हणून त्याच्याच अस्थिमज्जेतून काढलेल्या मूळपेशी कमरेत सुई टोचून मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात सोडल्या होत्या, आणि त्या खर्चापायी काजूच्या भाटाचा, म्हणजे बागायतीचा, एक तुकडा विकावा लागला होता. आता दुसऱ्या डोसाची तारीख जवळ आली होती. "पहिल्या पेशी कुठे पोचल्या, जगल्या की नाही, तेवढे स्कॅन करून सांगा, डॉक्टरबाई. मग पैसे भरायचे की नाही ते ठरवतो."

इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. मी फाईल अथपासून इतिपर्यंत वाचली. किती पेशी सोडल्या याचा आकडा होता. परंतु सोडण्यापूर्वी त्यांना किरणोत्सारी द्रव्याने किंवा लोहकणांनी खूण केल्याचा उल्लेख कोठेही नव्हता. अशी खूण नसेल, तर एमआरआय असो, सीटी असो वा पेट स्कॅन, कोणत्याही यंत्राला त्या पेशी शरीरातील इतर पेशींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. मागाहून शोधायच्या पेशींची तयारी त्या शरीरात जाण्याआधीच करावी लागते.

हे नुसते सांगून त्यांना पटले नसते. योगायोगाने त्याच दिवशी आमच्याकडे कृत्रिम खुब्याच्या सांध्यात जंतुसंसर्ग आहे का, हे पाहण्यासाठी पांढऱ्या पेशींचे स्कॅन सुरू होते. सकाळी त्या रुग्णाचे रक्त काढून, त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या करून, त्यांना टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य लावून आम्ही त्या शिरेतून परत सोडल्या होत्या. रुग्णाच्या संमतीने, नाव झाकून, मी त्या गृहस्थांना पडद्यावरील चित्रे दाखवली. सुरुवातीच्या चित्रात फुप्फुसे उजळलेली होती. नंतरच्या चित्रात ती निवळून यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा स्पष्ट झाली होती, आणि खुब्याच्या बाहेरच्या बाजूला एक ठिपका दाट होत चालला होता. "त्या ह्याच्या स्वतःच्याच पेशी?" त्यांनी पडद्याला बोट न लावता, जवळ वाकून विचारले. मी होय म्हणाले.

ही खूणही फार काळ टिकत नाही. टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, सहा तासांचा असतो, त्यामुळे चोवीस तासांनी मूळच्या किरणोत्साराचा सोळावा भागच उरतो. खुणेसाठी वापरल्या जाणाऱ्या इतर द्रव्यांपैकी इंडियम-१११चे ते साधारण २.८ दिवसांचे आणि झिर्कोनियम-८९चे सुमारे ३.३ दिवसांचे, त्यामुळे काही दिवस मागोवा घेता येतो, महिनोन्महिने नाही. लोहकणांची खूण एमआरआयवर काळ्या डागासारखी दीर्घकाळ दिसते खरी, पण पेशी मेल्यावर ते कण भक्षकपेशी गिळतात आणि डाग तसाच राहतो. डाग दिसला म्हणजे पेशी जिवंत आहे, असे म्हणता येत नाही. पेशीतच एखादे जनुक घालून, ती जिवंत असेपर्यंतच पेट स्कॅनवर संकेत मिळावा, अशी पद्धत आहे. मात्र माणसांत ती अजून मोजक्या अभ्यासांपलीकडे गेलेली नाही.

अशा मागोव्याने काय हाती लागते, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत दिसले. जर्मनीत हृदयविकाराच्या रुग्णांना हृदयाच्या धमनीतून दिलेल्या, खूण केलेल्या अस्थिमज्जेच्या पेशींपैकी केवळ १.३ ते २.६ टक्के पेशी इजा झालेल्या स्नायूत आढळल्या. बऱ्याचशा यकृत आणि प्लीहेत गेल्या होत्या. नेदरलँड्समध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांना सोनोग्राफीच्या साहाय्याने लसिका ग्रंथीत टोचलेल्या, लोहकणांची खूण केलेल्या पेशी आठपैकी चार जणांत ग्रंथीबाहेरच पडल्याचे एमआरआयने दाखवले. तज्ज्ञांच्या हाताने, सुई डोळ्यांसमोर ठेवूनही असे घडते. मग कोणतीही खूण न करता पेशी सोडणाऱ्या केंद्राने 'पेशी इजेच्या जागी पोचून काम करत आहेत' असे छातीठोकपणे लिहून द्यावे, याचा मला फार संताप आला, आणि तो मी त्यांच्यापासून लपवला नाही.

"म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही," ते म्हणाले.

"त्यांना ठाऊक असण्याचा मार्गच नाही, काका."

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारख्या मान्य कारणांसाठीचे मूळपेशी प्रत्यारोपण वगळता असे उपचार फक्त मंजूर वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायलमध्ये) करता येतात, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. दुसऱ्या डोसापूर्वी केंद्राकडून लेखी मागायच्या गोष्टी मी त्यांना कागदावर लिहून दिल्या: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील नोंदणी क्रमांक, नीतिमत्ता समितीची मंजुरी, आणि सुधारणा कोणत्या मोजमापावर ठरवणार याचे उत्तर. स्कॅनची मागणी मी कारण लिहून परत केली. फाईलमध्ये मुलाला वारंवार थंडी वाजून ताप येत असल्याच्या नोंदी होत्या आणि लघवीची नळी कायम होती. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असू शकतो, म्हणून त्याच दुपारी लघवीचा कल्चर (त्यात जंतू वाढतात का ही तपासणी) आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घेण्यासाठी मी युरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकार विभागाच्या, सहकाऱ्यांना फोन केला.